टोचन

आमच्या खालाचा इंतेकाल झाल्याचा फोन फजरच्या नमाजनंतर लगेच आला. इन्ना लिल्लाहि पढलो आणि अम्मीकडे पाहिलं. अम्मी जानमाजवरून उठल्याच नाहीत. सख्खी धाकटी बहीण. चिपळूणला दिलेली. जनाजा जोहरनंतर, दोनच्या सुमाराला, असं कळवलं होतं.

आम्ही दोघी बहिणी ही हकिगत मिळून लिहीत आहोत, म्हणून 'मी' कुठे येणार नाही. थोरली आणि धाकटी एवढंच सांगू. धाकटीचं वय दोन-तीन वर्षांचं असताना अम्मी फार आजारी होत्या, तेव्हा तिला खालानेच चिपळूणला नेऊन वाढवलं. शाळेत घालायच्या वेळी परत आणलं तेव्हा ती अम्मीला 'खाला' आणि खालाला 'अम्मी' म्हणायची, असं घरात अजून सांगतात. तेव्हा त्या सकाळी कुणाला सगळ्यांत आधी पोचायचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

जुलै महिना. चार वर्षं झाली. शेजाऱ्यांची बोलेरो मिळेपर्यंत नऊ वाजले. बोलेरोत अब्बा स्टिअरिंगवर, सोबत अम्मी, मामू आणि मुमानी. मागे आमची जुनी छोटी कार, ती धाकटी चालवत होती आणि शेजारी थोरली. कराडहून पाटण, तिथून कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट उतरला की पोफळी, मग चिपळूण. हा रस्ता आमच्या पायाखालचा. पण पावसाळ्यात घाटमाथ्यावर असं धुकं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा दिसत नाहीत.

कोयनानगर मागे टाकलं. घाट उतरायला लागायच्या जरा अलीकडे, एका वळणावर, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. चावी फिरवली की स्टार्टर कुरकुर करायचा, दिवे लागायचे, पण इंजिन पकडत नव्हतं. बोलेरो धुक्यात पुढे निघून गेली होती. मोबाइलला रेंज नाही. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेलं गटार, आणि मध्ये आम्ही. पार्किंगचे चारही दिवे लुकलुकत ठेवून आम्ही गाडीबाहेर, वळणाच्या वरच्या अंगाला जाऊन उभ्या राहिलो. एक ट्रक अगदी जवळ आल्यावर दिसला आणि हॉर्न वाजवत आम्हाला वळसा घालून गेला. त्या वेळी थोरली मोठ्याने आयतुल कुर्सी पढत होती.

अब्बांना आम्ही मागे नाही हे पोफळीजवळ लक्षात आलं. ते परत येईपर्यंत बारा वाजून गेले.

अब्बा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. सगळी उमर बोनेटखाली गेली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, वास घेतला, मागच्या सीटखाली कान लावला आणि म्हणाले, "पेट्रोलचा पंप गेला. इथे होणार नाही. टोचन करावं लागेल."

टोचन म्हणजे काय हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. बंद गाडीची चारही चाकं रस्त्यावरच, पुढच्या गाडीला दोर आणि खेचत न्यायची. ट्रॅक्टरमागे जीप, जीपमागे रिक्षा, रिक्षामागे मोटारसायकल, सगळं आपण पाहिलेलं असतं. पाहिलेलं असतं म्हणूनच ते सोपं वाटतं.

इतक्यात चिपळूणकडे जाणारी एसटी आली. ड्रायव्हरने अब्बांना ओळखलं की नुसता खाकी लोकांचा आपसातला लिहाज होता, ठाऊक नाही, पण गाडी थांबली. आमची हकिगत कळल्यावर आठ-दहा प्रवासी पावसात खाली उतरले. छत्रीवाले एक गृहस्थ म्हणाले, "चाचा, मागे कशाला जाता? दोर बांधा आणि घाट उतरा की. उतारच आहे, इंजिन लागतंय कशाला? तासाभरात चिपळूण."

खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच होतं. चिपळूण पुढे होतं, खाला पुढे होती, आणि हे अब्बा गाडी उलट्या दिशेला कोयनानगरच्या गॅरेजकडे नेणार म्हणत होते.

अब्बांनी वाद घातला नाही. त्यांनी धाकटीला सीटवर बसवलं आणि म्हणाले, "ब्रेक दाब." तिने दाबला. "पुन्हा. पुन्हा." तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं झालं. तिने दोन्ही पायांनी जोर दिला तेव्हा कुठे ते बोटभर खाली गेलं. ब्रेकला हलकं करणारा एक गोल डबा असतो, बूस्टर, तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद पडल्यावर आत उरलेल्या हवेच्या ताणावर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो, मग संपलं. ब्रेक असतो, पण सगळा जोर आपल्या पायाचा. स्टिअरिंगचंही तसंच. पॉवर गेली की चाक फिरवायला दोन्ही दंड लागतात. "सपाटीवर हे जमतं," अब्बा त्या गृहस्थांना म्हणाले, "उतारावर मागची गाडी पुढचीच्या अंगावर येते, दोर सैल पडून चाकात जातो, आणि वळणावर दोर आतल्या बाजूने खेचतो, म्हणजे दरीकडे किंवा समोरच्या ट्रककडे. दोन गाड्यांचं वजन एकट्या बोलेरोच्या ब्रेकवर. घाटात टोचन नाही."

गाडी तिथेच सोडून बोलेरोतून सगळ्यांनी जावं, असं मुमानी म्हणाल्या. त्यावर एसटीच्या ड्रायव्हरनेच मान हलवली. त्या धुक्यात, त्या वळणावर बंद गाडी सोडणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरी फोन जायची तजवीज करणं. मघाचा ट्रक आम्ही पाहिलाच होता.

मग ठरलं असं : अम्मी आणि मुमानी एसटीने पुढे जातील, निदान बहिणीचा चेहरा तरी दिसेल. अब्बा बोलेरोने गाडी मागे कोयनानगरला नेतील, गॅरेजमध्ये सोडतील आणि मग चिपळूणला येतील. पण खेचल्या जाणाऱ्या गाडीत कुणीतरी बसायला हवं. तिचं स्टिअरिंग आणि ब्रेक तर माणसानेच सांभाळायचे. लायसन होतं दोघांकडे, अब्बांकडे आणि धाकटीकडे. थोरलीला गाडी येत नाही. मामूंकडेही लायसन नाही. मामूंनी आयुष्यात कधी गाडी चालवलेली आम्ही पाहिली नव्हती.

तेच मामू तेव्हा पुढे आले. म्हणाले, "भाईजान, मी बसतो मागे. नुसतं स्टिअरिंग तर धरायचंय. पोरीला बसने जाऊ द्या. तिच्या खालाला तिने बघायला पाहिजे."

अब्बांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही," म्हणाले.

"चार-पाच किलोमीटरचा प्रश्न आहे, भाईजान."

"नाही."

मामूंचा चेहरा उतरला. आम्हाला वाटलं, रागावले. ते काही न बोलता अम्मींना हात देऊन बसमध्ये चढले. अम्मी खिडकीतून धाकटीकडे बघत राहिल्या, पण अब्बांना एक शब्द बोलल्या नाहीत. याचंच आम्हाला तेव्हा सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. धाकटी रडत होती आणि पावसात ते कुणाला दिसत नव्हतं.

बसच्या लोकांनी जाता जाता आमची गाडी हाताने ढकलून कोयनानगरच्या दिशेला वळवून दिली. अल्लाह त्यांना त्याचा अज्र देवो.

नंतरचा पाऊण तास अब्बांनी जे केलं, ते तेव्हा आम्हाला छळ वाटला. आज लिहिताना एकेक गोष्ट डोळ्यांसमोर आहे.

अब्बा कुठेही निघाले की गाडीत एक गोणपाटाची पिशवी टाकतात. तिच्यातून अंगठ्याएवढ्या जाडीचा नायलॉनचा दोर निघाला, दोन्ही टोकांना विणलेले फास. तारेचा दोर ते कधी वापरत नाहीत. नायलॉन थोडा ताणतो आणि झटका खातो, तार ताणत नाही आणि तुटली तर कोयत्यासारखी उलटी येते. दोर त्यांनी आमच्यासमोर पावलांनी मोजला. दोन गाड्यांमधलं मोकळं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. हा काही त्यांचा मनाचा आकडा नव्हता. 2017 पर्यंत लागू असलेल्या 1989 च्या रस्त्याच्या नियमांत तो होता. त्याच नियमांत हेही होतं की खेचल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर लायसनवाला माणूस हवा, नेणं जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंतच, आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर नको. (हा 24 आकडा ऐकून आम्हाला हसू यायचं. पंचवीस का नाही? पंधरा मैलांचे 24 किलोमीटर होतात, एवढंच आम्हाला सापडलं.) पिशवीच्या तळाशी अब्बांनी ते नियम प्लास्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवले होते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दोर बंपरला बांधायचा नाही, बंपर उपटून येतो. खालच्या कुठल्याही दांड्याला तर नाहीच, तो स्टिअरिंगचा असू शकतो. जॅक आणि पान्याच्या पाकिटात एक लोखंडी हूक असतो, पुष्कळ जणांना तो कशासाठी आहे हेच माहीत नसतं. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढलं की आत आटे असतात, त्यात तो घट्ट बसवायचा. आमच्या गाडीचे आटे उलटे निघाले, डावीकडे फिरवल्यावर बसणारे. हे माहीत नसलेला माणूस 'बसत नाही' म्हणून हूक फेकून देईल आणि दोर बंपरलाच बांधेल. गाठ मारायची नाही, खेचलेली गाठ मग सुटत नाही. फास आणि शॅकल.

दोराच्या मध्यावर बांधायला त्यांनी लाल कापड मागितलं. धाकटीची ओढणी लाल होती. जनाजाला जायचं म्हणून तिने अंगावर पांढरी घेतली होती, ही बॅगेत होती. ती दोराला बांधली. अम्मींच्या कमरेमागे लावायची उशी बोलेरोत राहिली होती. अब्बांनी तिचा पांढरा अभ्रा काढला, इंजिनच्या काळ्या ऑइलमध्ये बोट बुडवून त्यावर इंग्रजीत 'ऑन टो' अशी मोठी अक्षरं काढली आणि आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर आतून चिकटपट्टीने लावली. अक्षरं तीन इंच तरी उंच हवीत, पांढऱ्यावर काळी. थोरली न राहवून म्हणाली, "अब्बा, या धुक्यात कोण वाचणार आहे? दीड वाजत आला." अब्बा म्हणाले, "ज्याला वाचायचं असेल त्याला वाचता आलं पाहिजे."

मग धाकटीला समजावलं. चावी काढायची नाही, ऑनवर ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं आणि गाडी सरळ जाते ती जातेच. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. चारही दिवे लुकलुकत असले की वळायचा इंडिकेटर वेगळा दिसत नाही, म्हणून वळताना हात बाहेर. आणि खरी गोष्ट ही : "थांबवायचं काम माझं नाही, तुझं. मी ब्रेक मारायच्या आधी तू हलका लाव. दोर सतत ताणलेला राहिला पाहिजे. सैल पडला की झटका, झटका बसला की तुटणार." बोलेरोच्या मागच्या सीटवर थोरलीला उलटं, मागे तोंड करून बसवलं. दोर सैल दिसला की तिने ओरडायचं. अब्बांचे हॉर्न ठरले : एक म्हणजे थांबतोय, दोन म्हणजे निघतोय. दोर ताणेपर्यंत जवळ कुणी उभं राहायचं नाही.

पहिल्या गिअरमध्ये, क्लच सोडत सोडत, मुंगीच्या चालीने दोर ताणला गेला आणि गाडी हलली. अब्बांनी ताशी पंधराच्या वर काटा जाऊ दिला नाही. 24 ने गेलं तर एका सेकंदात साडेसहा मीटर जातं आणि मध्ये अंतर पाच मीटर, हा हिशोब त्यांनी नंतर करून दाखवला. पाठीमागे हॉर्नवर हॉर्न वाजत होते. दोन ठिकाणी अब्बांनी बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. आमच्या डोक्यात फक्त घड्याळ होतं.

एका उतारावर धाकटीचा पाय कमी पडला. थोरलीला बोलेरोतून दिसलं की ओढणी रस्त्याला टेकली आणि आमच्या गाडीचं तोंड मोठं मोठं होत चाललंय. ती ओरडली. धाकटीने सीटवरून उठून पेडलवर अक्षरशः उभं राहून गाडी धरली. वीतभर अंतर राहिलं असेल. अब्बांनी ब्रेक लावला नाही, उलट हलकेच पुढे घेतली. एवढ्याशा उतारावर हे. घाटातली वळणं आठवून आम्ही दोघींनी नंतर एकमेकींना एवढंच म्हटलं की बरं झालं. पण ते नंतर. त्या दिवशी नाही.

गॅरेजमध्ये गाडी सोडून चिपळूणला पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. अंगणातल्या खुर्च्या रिकाम्या, डोला मशिदीकडे परत गेलेला. अम्मींना दीदार मिळालं होतं, जेमतेम. अब्बा तसेच कबरस्तानात गेले आणि ओल्या मातीशी उभे राहून दुआ करून आले. धाकटी आत जाऊन खालाच्या पलंगावर बसली. त्यानंतर कित्येक महिने ती अब्बांशी कामापुरतंच बोलली. "मामू बसले असते तर मला माझी अम्मी दिसली असती," असं ती एकदा थोरलीला म्हणाली. अम्मी, खाला नव्हे.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात अम्मींनी आम्हाला सांगितलं. आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो की रमजान ईदला घरचा शीरखुर्मा सगळ्यांत आधी कराडजवळच्या एका वाडीत जातो, सायकलवाल्या काकांकडे. काका लंगडत चालायचे. ते अब्बांचे जुने दोस्त, एवढंच आम्हाला ठाऊक.

आमच्या जन्माआधीची गोष्ट. अब्बांनी एका दोस्ताची बंद मोटार जीपमागे बांधली होती. सुट्टीचा दिवस, संध्याकाळ, उसाच्या फडांमधला रस्ता. दोर चांगला दहा-बारा मीटर लांब, कारण लांब दोर म्हणजे ब्रेकला वेळ, असं तेव्हा त्यांनाही वाटायचं. मागच्या मोटारीत बसवलं होतं सतरा वर्षांच्या मेहुण्याला, आमच्या मामूंना. नुसतं स्टिअरिंग तर धरायचं होतं. फडातून एक सायकलवाला रस्त्यावर आला. त्याने जीप जाऊ दिली, मागे भरपूर मोकळी जागा पाहिली आणि रस्ता ओलांडायला निघाला. संधिप्रकाशात दोर दिसतो कुठे? तो दोरावर आदळून खाली पडला. मामूंनी ब्रेक दाबला, आणि पेडल दगडासारखं. असं होतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पाय दोन ठिकाणी मोडला. अब्बांनी कर्ज काढून इलाज केला, ते कर्ज फेडायला वर्षं गेली. मामू त्यानंतर कधी स्टिअरिंगला शिवले नाहीत.

त्या दिवशी घाटमाथ्यावर ते तीस वर्षांत पहिल्यांदा 'मी बसतो' म्हणाले होते. भाचीसाठी.

आता थोडं घरगुती. आमच्या भाच्याने नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली तेव्हा अब्बांनी त्याला पहिली गोष्ट ही सांगितली की ही दोराने ओढायची नाही, न्यूट्रलमध्येसुद्धा नाही. अशा बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सला ऑइल पाजणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवली की गिअरबॉक्स कोरडाच घासतो. विजेवरच्या गाडीत चाकांबरोबर मोटार फिरते, म्हणून तिलाही नको. अशा गाड्या सपाट फळीच्या ट्रकवर चढवूनच न्यायच्या. विम्यात रस्त्यावरची मदत बऱ्याचदा धरलेली असते, तेव्हा पॉलिसीचा कागद काढून नंबर आधीच वहीत लिहून ठेवावा, कारण घाटात मोबाइलमध्ये शोधायला रेंज नसते. आणि टोचन करायची वेळ आलीच, तर बायका-मुलं पुढच्या गाडीत. मागच्या गाडीत फक्त चालवणारा. गाडीच्या पुस्तिकेत याचं एक पान असतं, ते आम्ही दोघींनी आता वाचलं आहे.

तो अभ्रा धुतला, पण ऑइल गेलं नाही. अम्मींनी तो फेकला नाही, घडी करून धाकटीच्या गाडीच्या डिकीत ठेवला. लाल ओढणी दोरालाच राहिली.

मागच्या रमजान ईदला धाकटी अब्बांना म्हणाली, "डबा मी घेते, मीही येते." ती गाडी चालवत होती, अब्बा शेजारी. वाटेत दोघं काही बोलली नाहीत. काका ओसरीवर बसले होते, पाय लांब करून. त्यांनी शीरखुर्मा घेतला, खालासाठी दोन शब्द बोलले, पोरगी कोणती, थोरली की धाकटी, विचारलं. मग नेहमीप्रमाणे अब्बांना म्हणाले, "आणि तुमचा मेहुणा? चालवतो का आता गाडी?"

"नाही," अब्बा म्हणाले.

"त्याला म्हणावं, ये एकदा. मी बसतो शेजारी."